इर्जिकीचं जेवण

मटण चाळीस माणसांचं शिजलं होतं आणि आली होती जेमतेम बारा-तेरा. त्यातलीही निम्मी द्राक्षांचा घड तोडण्याआधी त्याच्यासोबत फोटो काढत होती. वीणाने भाकरीचं उरलेलं पीठ डब्यात घातलं आणि झाकण लावून टाकलं. जेवण उरलं की तिचा नवरा चंद्रशेखर म्हणणार, यंदा लोकांनी कमी खाल्लं. लोकच कमी आले, हे काही तो म्हणायचा नाही.

चंद्रशेखरच्या गावी, सावळजला, इर्जीक घालायची म्हणजे कामाला गाव बोलवायचं, मजुरी द्यायची नाही, पोटभर जेवू घालायचं; आणि उद्या दुसऱ्याने बोलावलं की आपण त्याच्या बांधावर हजर व्हायचं. इकडे परदेशात मडेऱ्याजवळ हे शेत घेतल्यापासून चंद्रशेखर दरवर्षी लेबर डेच्या सुट्टीत राहत्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळातल्या ओळखीपाळखीला इर्जिकीला बोलवत आला. पहिल्या वर्षी हौसेने बस भरून माणसं आली होती. पण इर्जिकीची फेड करायला फ्रीमाँटवाल्यांकडे शेत कुठे होतं? चंद्रशेखर काय त्यांच्या घरी जाऊन त्यांची लॅपटॉपवरची कामं उरकून देणार होता? हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की ऊन आपल्या डोक्यावर आणि द्राक्षं त्याच्या खात्यावर. मग कुणाच्या मुलाची सॉकर मॅच निघू लागली, कुणाचे गुडघे दुखू लागले.

जेवणावळ बसली होती ती शेडमध्ये. या शेडची गोष्ट घरात कुणी काढत नसे, पण एवढी लांबलचक गोष्ट झाकायची कशाने? या भागात द्राक्षं ओळींच्या मधे कागदावर पसरतात, उघड्या उन्हात. काळपट बेदाणा होतो आणि पॅकिंगवाले तोच घेतात. चंद्रशेखरला ते बघवत नव्हतं. त्याचे वडील द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून सावलीत जाळ्यांवर वाळवायचे. हिरवट पिवळा, पातळ सालीचा बेदाणा व्हायचा. ‘यांना दाखवतोच बेदाणा कशाला म्हणतात ते,’ असं म्हणत त्याने निवृत्तीची निम्मी पुंजी आणि वर कर्ज काढून या शेडमध्ये घातलं, तासगावाहून तेलाचे कॅन मागवले आणि सबंध पीक तसं वाळवलं. बेदाणा झालाही देखणा. पॅकिंगवाल्याने मूठभर हातात घेतला, वास घेतला, छान आहे म्हणाला आणि कराराचा कागद पुढे केला. करार उन्हात वाळवलेल्या मालाचा होता. एवढा देखणा माल शेवटी गुरांच्या खाद्यात गेला.

‘दादा, तेलही गेलं, तूपही गेलं,’ असं धाकटा भाऊ रवींद्र तेव्हा म्हणाला होता. धुपाटणं कुणाच्या हाती आलं, ते मात्र तो बोलला नाही. त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलाने, सौमित्रने, कॉलेज सोडलं आणि आर्मीत नाव घातलं.

आर्मीत त्याला काम मिळालं ते पाणी शुद्ध करायचं. देवाची थट्टा कधी कधी फार ओंगळ असते. पोरगा कुवेतच्या वाळूत पलटणीला गोडं पाणी करून देत होता आणि घरची बोअर दरवर्षी खाली खाली चालली होती. दर महिन्याला त्याच्या पगारातला मोठा हिस्सा शेताच्या खात्यावर यायचा आणि मागोमाग एक पत्र यायचं. हाताने लिहिलेलं, मराठीत. रविवारच्या मराठी शाळेत रडत रडत शिकलेलं वाकडंतिकडं देवनागरी त्याला बराकीत कामाला आलं, कारण तिथे ते कुणाला वाचता येत नव्हतं. इतकं लपवण्यासारखं पत्रात काय असायचं? पंप, गाळणी, वेलींवर पडणारा भुरीचा रोग आणि द्राक्षं खालूनही वाळावीत म्हणून कागद कधी फिरवायचे ते. वीणा प्रत्येक पत्रात आधी एकच ओळ शोधायची: जेवतोस का, झोपतोस का, याचं उत्तर. ते कधीच नसायचं. बाप-लेकाचं बोलणं होतं ते. एरवी समोरासमोर बसले तर मीठ दे यापुढे त्यांची गाडी जात नसे.

पत्र गुरुवारी आलं होतं आणि चंद्रशेखरने ते फोडलं नव्हतं. ऑगस्टचं पत्र इर्जिकीच्या पंगतीत फोडायचं, ही त्याने पाडलेली रीत होती. रस्सा दुसऱ्यांदा वाढून झाला तशी त्याने चष्मा पुसला आणि पाकीट वर करून सगळ्यांना दाखवलं. मुलगा सैन्यातून शेत चालवतो, हे ऐकायला मंडळाच्या लोकांना आवडायचं. त्यांची मुलं कुणी सैन्यात नव्हती.

“‘बाबा आणि आईला नमस्कार,’” त्याने वाचायला सुरुवात केली. “‘पंपाचा फिल्टर बदला. व्हिडिओत काळा दिसला. चौदा नंबरच्या ओळीत भुरी बघा, तिथे दरवर्षी येते. लिंबाला पाणी द्या. शेडच्या बाजूची जागा रिकामी ठेवा, तिथे काही टाकू नका.’ ट्रॅक्टरसाठी म्हणतोय,” चंद्रशेखरने समजावून सांगितलं आणि पुढे गेला. “‘आता काम. माझी चार वर्षं डिसेंबरला संपतात. परत सही केली तर अजून चार वर्षं आणि बोनस मिळेल. तेवढ्यात नवीन खोल बोअर होईल, मी कोटेशन घेतलं आहे. पण तुम्ही शेत ठेवणार असाल तर. काका जमीन सोलर कंपनीला देऊ म्हणतात, ते मला माहीत आहे. इर्जिकीला सगळे असाल. मिळून ठरवा आणि मला खरं सांगा. त्याच रविवारी दुपारी फोन करतो. शुक्रवारी मला ऑफिसात सांगायचं आहे.’”

चंद्रशेखरने कागदाची घडी घातली, उघडली आणि पुन्हा घातली. मंडळाच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रॅफिक लागेल, असं कुणीतरी म्हणालं. थोड्या वेळात द्राक्षांच्या पेट्या घेऊन गाड्या निघाल्या आणि धुरळा खाली बसेपर्यंत शेडमध्ये घरचे पाचच जण उरले.

शेत कागदोपत्री तिघांचं होतं: चंद्रशेखर, वीणा आणि रवींद्र. दोघांचं मत एका बाजूला पडलं की तिसऱ्याचं चालत नसे. आजवर ती वेळ आली नव्हती, कारण वीणाचं मत म्हणजे चंद्रशेखरचंच मत, असं सगळे धरून चालत. ती स्वतःसुद्धा.

“चार वर्षं म्हणजे काय रे दादा,” रवींद्र टूथपिक शोधत म्हणाला, “हां हां म्हणता जातील. आणि खोल बोअर झाली की जमिनीची व्हॅल्यूच बदलते. सोलरवाले काय, आज आहेत, उद्याही असतील.”

अंतराने ताटावरून मान वर केली. ती वीणाची मुलगी, सौमित्रची थोरली बहीण. शेताच्या बाबतीत नेहमी बापाच्या बाजूची. “काका, सकाळी गाडीत दोन तास तुम्ही मला कन्व्हिन्स करत होतात की आत्ताच्या आत्ता विकायला पाहिजे.”

“सकाळी बोनसचं कुठे माहीत होतं?”

“आर्मीत बेनिफिट्सही चांगले असतात,” नीलांबरी म्हणाली. ती रवींद्रची बायको. “हाउसिंग, मेडिकल, सगळं. आणि तो काय बंदूक घेऊन पुढे थोडाच असतो. पाण्याचं तर काम.”

आवळा देऊन कोहळा काढतात, असं ऐकलं होतं. इथे आवळासुद्धा आपला द्यायची तयारी नव्हती. वीणाने ताटं गोळा करायला घेतली, कारण हात रिकामे राहिले असते तर तिने काहीतरी फेकून मारलं असतं.

“मी त्याला सही कर म्हणणार नाही,” चंद्रशेखर म्हणाला. “तो मोठा आहे, त्याचं त्याने ठरवावं. मी एवढंच सांगीन की शेत ठेवायचं आहे.”

“बाबा, दॅट्स द सेम थिंग.”

“सेम कसं? मी त्याला आर्मीत जा म्हटलं होतं का? विचार त्याला. एका शब्दाने म्हटलं नव्हतं.”

“नव्हतं म्हटलं. रोज डिनरला शेडच्या लोनचं बोलायचात आणि त्याच्याकडे बघायचात.” अंतराचा आवाज चढला नाही. “मी पण तुमच्या बाजूने बोलायचे तेव्हा. आता नाही बोलणार. विका ते. लेट हिम कम होम.”

“तुझं मत नाही यात,” रवींद्र म्हणाला.

“माझं आहे,” वीणा म्हणाली.

ताटं तिच्या हातातच होती. तिने ती टेबलावर ठेवली. चंद्रशेखरने तिच्याकडे पाहिलं ते सवयीने. मत मोजून घ्यावं आणि पुढे चालावं तसं.

“माझं मत शेत देऊन टाकायचं,” ती म्हणाली. “आणि आजच. त्याचा फोन यायच्या आत.”

“तू थकली आहेस,” चंद्रशेखर म्हणाला. “ऊन बघ किती आहे.”

“आठ वर्षं आहे हे ऊन. मी कधी काही म्हटलं? शेड बांधलीत, म्हटलं हौसेला मोल नसतं. माझे दागिने गेले, म्हटलं तसेही लॉकरमध्येच होते. नाकापेक्षा मोती जड झाला, तरी नाक माझं म्हणून मिरवत राहिले. पण पोरगं मी हौसेला दिलं नव्हतं. तुम्ही घेतलंत, आणि मी गप्प बसले म्हणून ते दिल्यासारखं झालं.”

“वहिनी, भावनेच्या भरात—” रवींद्र म्हणाला.

“भावजी, मी तुमच्याशी नाही बोलत.” ती जावेकडे वळली. नीलांबरीशी तिचं कधी पटलं नव्हतं. दोघी लग्नांच्या वाढदिवसाला एकमेकींना महाग साड्या देत आणि त्या कधी नेसत नसत. “नीलांबरी, तुझ्या सुशांतला मार्चमध्ये नुसता ताप आला होता. ऑस्टिनला. तू रात्रीतून फ्लाइट पकडून गेलीस. बरोबर केलंस, मीही गेले असते. सौमित्रला कुवेतला कावीळ झाली, ते मला दोन महिन्यांनी कळलं. तेही त्याच्या पत्रात नव्हतं. त्याच्याबरोबरचा एक मुलगा अंतराला भेटला, त्याने सांगितलं. आता मला सांग, सुशांतची चार वर्षं या बोअरमध्ये घालशील का?”

नीलांबरीने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “अहो, विका.”

“अगं, पण हिशोबाने बघितलं तर—”

“विका म्हणते ना. नाहीतर मी जातेय गाडीत बसायला, आणि मग सुशांतच्या लग्नापर्यंत तुमच्याशी बोलणार नाही.”

रवींद्रने टूथपिक मोडलं. भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि ज्या बाजूला रोज रात्री घरी जायचं होतं त्या बाजूला झुकला. “मी तर आधीपासून विकाच म्हणत होतो,” तो म्हणाला. ही मात्र कमाल होती.

चंद्रशेखर उठला. शेडबाहेर गेला, आणि सकाळी पसरलेल्या कागदांवरची द्राक्षं खाली वाकून नीट करू लागला, जणू लोकांनी वाईट पसरली होती एवढीच काय ती अडचण. सत्तरीच्या माणसाची ती वाकलेली पाठ वीणाला शेडमधून दिसत होती. तिला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही खरं होतं. ती त्याच्यामागे गेली नाही.

अंतराने तिला मिठी मारली. “मी फ्रीमाँटची त्याची रूम पेंट करून घेते, आई. डिसेंबरपर्यंत होईल. तो सोफाबेड काढून टाकू.” नीलांबरीने कुणी न सांगता गॅसवर शिऱ्याचा रवा टाकला. पोरगा येणार तर तोंड गोड करायला हवं, म्हणाली. तो वास शेडमध्ये भरला आणि बऱ्याच वर्षांनी त्या पत्र्याखाली माणसं राहतात असं वाटलं.

फोन वाजला तेव्हा वीणा तो घेऊन पंपघराकडे गेली, लिंबाच्या सावलीत.

“आई? बाबा कुठे आहेत?”

“बाहेर आहेत. मीच बोलते. जेवलास?”

“हो. काय ठरलं?”

“आपण शेत देतोय, सोमू. सोलरवाल्यांना. बाबांनी नाही, मी ठरवलं. सगळ्यांशी भांडून.” तिच्या आवाजात अभिमान होता आणि तिने तो लपवला नाही. “तुला आता सही करायची गरज नाही. डिसेंबरला सरळ घरी ये.”

पलीकडे कुठेतरी ट्रक मागे येत असल्याचा पीं पीं आवाज होता. तो थांबल्यावर सौमित्रने विचारलं.

“वेली काढणार?”

“हो. त्यांची तशी अट आहे.”

“सगळ्या? चौदा नंबर पण?”

“सगळ्याच, बाळा.”

“आणि शेडच्या बाजूची जागा?”

“ती पण त्यातच आली. ट्रॅक्टर काय, विकून टाकू.”

“ट्रॅक्टरसाठी नव्हती ती, आई.” तो शांतपणे बोलत होता, लहानपणी फार लागलं की असाच शांत व्हायचा. “मी तिथे घर बांधणार होतो. आधी एक ट्रेलर टाकून राहिलो असतो. मग घर.”

“कधी?”

“परत आल्यावर. अजून चार वर्षं करून. तोपर्यंत पाणी आलं असतं.”

वीणाने लिंबाच्या फांदीला धरलं. काटा लागला तरी सोडली नाही. “अरे, मग सांगायचंस की.”

“लिहिलं होतं ना. जागा ठेवा म्हणून.”

“आम्हाला वाटलं, तू बाबांसाठी सगळं...”

“आय नो तुम्हाला काय वाटतं. पहिल्यांदा बाबांसाठीच आलो होतो. नंतर नाही. इथे सगळे घरच्यांचे फोटो लावतात. मी त्या पंपघराचा लावलाय. लोक हसतात.” तो स्वतःही थोडं हसला. “मी पैसे बाबांना देत नव्हतो, आई. मला यायला जागा राहावी म्हणून देत होतो.”

“फ्रीमाँटला जागा नाही का? तुझी खोली आहे. अंतरा रंग द्यायचं म्हणतेय.”

“तिथे काय करू मी? त्या सोफाबेडवर बसून? तुमचे फ्रेंड्स येणार, सुशांत काय करतो, सौमित्र काय करतो. नको. तिथून तर निघालो होतो.”

“मग?”

“मग काय. शुक्रवारी सही करतो. सहा वर्षांची पण मिळते, ती घेतो. आता घाई कसली आहे.”

तिला खूप काही म्हणायचं होतं. आत जाऊन सगळं फिरवते, म्हणायचं होतं. रवींद्रला एका शब्दात फिरवता आलं असतं, त्याला वळायला फार जागा लागत नाही. पण सौमित्रची सही फिरवायची म्हणजे काय? शेत ठेवलं तरी चार वर्षं, दिलं तरी सहा. आपल्या पोराची वर्षं वाचवायला उठलेली ती एकटीच होती, आणि तिनेच त्यात दोन वाढवली होती. त्याहून वाईट म्हणजे, त्या चारांना शेवट होता.

“सोमू, थांब. मी बाबांशी बोलते. अजून कशावर सह्या झाल्या नाहीत.”

“नको, आई. तू म्हणालीस ना, भांडून ठरवलं. तुला ते शेत नकोच होतं. मला माहीत नव्हतं, बस. इतकी वर्षं तुला नको असताना मी तुलाच ते सांभाळायला लावलं.” ट्रकचा आवाज पुन्हा सुरू झाला. “बाबांना सांग, कागद आज फिरवू नका. वरून अजून ओले असतील. या वर्षीचं पीक तरी नीट काढा. ठेवतो.”

ती परत आली तेव्हा शिरा वाढून झाला होता. नीलांबरीने तिची वाटी वेगळी काढून वर बेदाणे घातले होते, त्या जुन्या हिरव्या बेदाण्यांपैकी. एक डबा अजून उरला होता. अंतरा फोनवर रंगांचे नमुने बघत होती. “काय म्हणाला? खूश झाला ना?”

वीणा शेड ओलांडून सरळ ओळींकडे गेली. चंद्रशेखर एका रिकाम्या पेटीवर बसला होता, मातीने भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून. तिची चाहूल लागली तरी त्याने वर पाहिलं नाही.

“येतो म्हणाला का?” त्याने विचारलं. आणि मग, तिने काही बोलायच्या आत, घाईने, आयुष्यात पहिल्यांदा म्हणावं तसं म्हणाला, “येऊ दे. शेत गेलं तर गेलं. पोरगा येऊ दे, वीणा.”

हे वाक्य चार वर्षांपूर्वी आलं असतं तर. कालही चाललं असतं. ती त्याच्या शेजारी मातीतच बसली.

“सही करतोय,” ती म्हणाली. “सहा वर्षांची. इथे राहायला यायचं होतं त्याला. त्या जागेवर घर बांधून.”

चंद्रशेखरने शेडच्या बाजूच्या त्या मोकळ्या चौकोनाकडे पाहिलं. हातातला द्राक्षाचा एक मणी त्याने परत कागदावर ठेवला, इतरांपासून थोडा दूर, वाळायला जागा राहील असा.

“पत्रं तरी लिहील ना?”

वीणाने ओळींवरून नजर फिरवली. चौदा नंबरची ओळ कुठली, हे तिला अजूनही माहीत नव्हतं.

“आता कशाबद्दल लिहील?” ती म्हणाली.